जवानाचा चुकारा

कापूस एकाधिकार खरेदीच्या केंद्रावर ज्यांनी गाड्या लावल्या आहेत, त्यांना ग्रेडर म्हणजे काय हे सांगायला नको. गाडीत हात घालायचा, मूठभर कापूस ओढून पाहायचा, प्रत उतरवायची आणि पुढच्या गाडीकडे वळायचे. प्रत का उतरवली हे विचारायची सोय नाही. चुकारा कधी, हे विचारले तर ग्रेडर हसायचा. ती योजना गेली, तो ग्रेडरही गेला. पण फौजेतून परत येणाऱ्या आमच्या पोरांच्या अंगाची प्रत उतरवणारा दुसरा ग्रेडर अजून जागेवर आहे. त्याचे नाव मेडिकल बोर्ड.

गेल्या हंगामात माण तालुक्यातले एक निवृत्त नाईक आमच्याकडे आले, ते पीककर्जाच्या कागदांसाठी. पत्र्याच्या पेटीत सातबारा, सोसायटीचे पासबुक आणि त्याखाली चार घड्यांचे एक इंग्रजी पत्र. आम्ही वाचून दाखवले. गुडघा 30 टक्के निकामी आहे हे बोर्डाला कबूल. पण हे दुखणे नोकरीमुळे झालेले नाही आणि नोकरीने वाढलेलेही नाही, सबब अपंगत्व पेन्शन नाही. अकरा वर्षे ते पत्र पेटीत पडून होते. "नाही म्हणालेत ना ते साहेब, मग काय करायचं?" एवढेच ते बोलले. भरती होताना याच गुडघ्यावर ते मैलभर धावले होते, तेव्हा डॉक्टरांना त्यात काही खोट दिसली नव्हती.

फौज आपल्या भागाला नवी नाही. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावचे 46 जवान पहिल्या महायुद्धात पडले. गावाच्या नावालाच 'मिलिटरी' जोडले गेले. माण, खटाव, आटपाडी, जत हा सारा पर्जन्यछायेतला पट्टा. शाळूला भाव नाही, विहिरीला पाणी नाही, म्हणून घरातला एक भाऊ शेतावर आणि एक फौजेत ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. देशप्रेम आहेच, त्याबद्दल कुणी शंका घेऊ नये. पण बांधापलीकडे हमीभाव मिळणारे हे एकच पीक होते, हेही खरे.

आम्ही मातीचे विद्यार्थी, कायद्याचे नाही. तरी त्या पत्रामुळे निकाल वाचणे भाग पडले. धरमवीर सिंग नावाचा जवान 1985 मध्ये सिग्नल्समध्ये भरती झाला. झटके येऊ लागले म्हणून 1994 मध्ये 20 टक्के अपंगत्व लावून त्याला घरी पाठवले, पेन्शन नाकारली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला 2013 मध्ये. एकोणीस वर्षांनी. न्यायालय म्हणाले, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट आला असेच धरायचे. दुखणे नोकरीमुळे नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर, जवानावर नाही. आणि बोर्डाने कारण लिहिलेच पाहिजे. पुढे डिसेंबर 2014 मध्ये राम अवतार यांच्या प्रकरणात दुसरी गोष्ट पक्की झाली. मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांचेही, पेन्शनला पात्र ठरलेले 50 च्या आतले अपंगत्व 50 टक्के धरायचे.

आता हिशेब मांडा. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, त्या प्रमाणात खाली. पगार 40,000 धरला तर 50 टक्क्यांना महिना 6,000, वर्षाला 72,000. कोरडवाहू शाळूतून खर्च वजा जाता एवढे कुणाच्या हाती राहते ते वाचकांनीच सांगावे.

आणि उशिराचा भुर्दंड कुणाला? 1983 मध्ये घरी पाठवलेले तरसेम सिंग 1999 मध्ये न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सांगितले की पेन्शनचा हक्क उशिराने मरत नाही, पण मागची थकबाकी अर्जाआधीच्या सुमारे तीन वर्षांचीच. म्हणजे आमच्या नाईकांनी आज दावा जिंकला तरी अकरांतली आठ वर्षे बुडाली. वरच्याच ढोबळ हिशेबाने 5,76,000 रुपये. सावकाराचे व्याज चढत जाते, सरकारचे देणे मात्र उशीर झाला की उतरत जाते!

कुणी म्हणेल, खोटे दावेही असतात. असतील. महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालात अपंगत्व पेन्शनवर निवृत्त होणाऱ्यांचे प्रमाण दिले आहे : अधिकाऱ्यांत तिघांमागे एकाहून जास्त, जवानांत मात्र साधारण सहा जणांमागे एक. बर्फात पहारा कोण देतो आणि इंग्रजी नियम कोण वाचतो, यावरून ज्याने त्याने समजावे. जिंकलेल्या जवानांविरुद्ध सरकार पुन्हा वरच्या न्यायालयात जाते ते वेगळेच. अशा जवळजवळ 300 याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये फेटाळल्या. त्या 300 घरांत वाट पाहण्यात किती वर्षे गेली याची बेरीज कुठल्या अहवालात नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगाव पेट्या उघडायला लावाव्यात. बोर्डाच्या कार्यवाहीची आणि भरतीच्या तपासणीची नक्कल माहिती अधिकारात मागावी. नकाराचे पत्र ताजे असेल तर सहा महिन्यांच्या आत अपील करावे. मुदत टळली असली तर उशिराचे कारण लिहून करावे. अपिलावर सहा महिन्यांत उत्तर आले नाही तर सशस्त्र बल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते, वकील लावून किंवा स्वतः उभे राहून. प्रत्येक कागद स्पीड पोस्टाने पाठवावा, पोचपावती जपावी. 21 सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागू आहेत, त्यांनी ते वेगळे पाहून घ्यावेत. आणि 'मिळेल त्यात अर्धे माझे' म्हणणाऱ्या दलालाला उंबऱ्याच्या आत घेऊ नये.

सातारा आणि सांगली एकच जिल्हा होता तेव्हा, 1943 पासून, पत्री सरकारची न्यायदान मंडळे गावातच निवाडे करीत. स्टँप नाही, तारीख नाही. तेवढी ताकद आज आपल्यात नाही, पण अर्ज लिहून देण्याइतकी शिकलेली पोरे प्रत्येक गावात आहेत.

जिल्हा बैठकीला येताना माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना बरोबर आणावे, कागदांसह. बैठकीच्या दारातच एक टेबल मांडलेले असेल. नाईकांचे अपील गेल्या महिन्यात टपालात पडले. पोचपावती आली आहे, उत्तर अजून नाही.