पखवाजाची पुडी आणि महाजनकी

आज माघी पौर्णिमा, संत रोहिदासांची जयंती. पेडणे आणि डिचोली तालुक्यांत आज प्रतिमेला हार पडतील, भजन रंगेल, कुणी पुढारी येऊन समतेवर चार शब्द बोलेल आणि पुढच्या कार्यक्रमाला निघून जाईल. यात गैर काही नाही. गैर आहे ते एवढेच, की हा उत्सव साजरा करायचा तो चर्मकार समाजाने आणि बाकीच्या गावाने फार तर शुभेच्छा द्यायच्या, असे आपण मनाशी ठरवून टाकले आहे.

रोहिदास पंधराव्या शतकातले, काशीचे. चामड्याचे काम करून पोट भरणारे. त्यांची चाळीसेक पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. उत्तरेत मीराबाईंचे गुरू म्हणून त्यांना मानणारी मोठी परंपरा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरचा ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला, ते तिघे म्हणजे नंदनार, रविदास म्हणजेच रोहिदास, आणि आपले चोखोबा. रोहिदासांनी बेगमपुरा नावाचे एक गाव कल्पिले. तिथे दुःख नाही, सारा-पट्टी नाही, दुय्यम-तिय्यम कुणी नाही आणि कुणीही कुठेही फिरावे, अडवणारा नाही. मेल्यावर मिळणाऱ्या स्वर्गाचे हे वर्णन नव्हे. कर भरून आणि वाटेत अडवला जाऊन कंटाळलेल्या कारागिराने मांडलेला हा गावगाड्याचा नवा आराखडा आहे.

त्यांच्याविषयी सांगितली जाते ती गोष्ट मात्र वेगळीच. छाती चिरून त्यांनी आतले सोन्याचे जानवे दाखवले म्हणे! भाविकांचा मान राखूनही सांगावेसे वाटते, की ही कथा रोहिदासांची नाही, त्यांना पंक्तीला घेताना अवघडलेल्यांची आहे. स्वतः रोहिदास आपल्या पदांतून आपली जात आणि धंदा उघडपणे, पुन्हा पुन्हा सांगतात. त्यांना जानव्याची गरज पडली नव्हती. ती आपल्याला पडली.

गोव्यात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. तिसवाडी, बार्देश, सासष्टीतली देवळे सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी पाडली. पेडणे आणि डिचोली त्यांच्या हाती लागले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, पेडणे तर १७८८ मध्ये. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. म्हणून या नव्या काबिजादीत देवळे राहिली, जत्रा राहिल्या, दसऱ्याची तरंगे राहिली. याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाही. पण देवळाबरोबर देवळातल्या पायऱ्याही शाबूत राहिल्या. मान कुणाचा, गाऱ्हाणे कोण घालणार, गाभाऱ्यापर्यंत कोण आणि मंडपापर्यंत कोण, हेही तसेच खाली उतरत आले.

भजनाला बसलेला पखवाज एकदा जवळून पाहा. दोन्ही तोंडांच्या पुड्या चामड्याच्या. त्या ताणून धरणाऱ्या वाद्या चामड्याच्या. वादीखालचा गठ्ठा ठोकून सूर चढवायचा, उजव्या पुडीवर शाई, डाव्या पुडीला कणीक. ही चामडी कमावणारे हात ज्या समाजाचे, त्याला पिढ्यान्‌पिढ्या त्याच सभामंडपाबाहेर उभे केले गेले. चवथीच्या दिवसांत वायनाला लागणारे नवे सूप महार समाजाच्या बायकांनी विणलेले असे. सूप घरात आले, विणणारी दारातच थांबली. वस्तूला विटाळ नाही आणि माणसाला आहे, हे गणित आपल्या आज्या-पणज्यांना कधी खटकले नाही. आपल्याला तरी किती खटकते?

कायद्याने बरेच केले. मुक्तीनंतर राज्यघटना इथे आली आणि तिच्याबरोबर अस्पृश्यतेवरची बंदीही. १९६८ च्या आदेशाने चांभार, महार, मांग, भंगी आणि मह्यावंशी या पाच जाती गोव्याच्या अनुसूचीत आल्या. आज चाळीस मतदारसंघांत अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला एकमेव मतदारसंघ पेडण्याचाच आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यात या समाजांची लोकसंख्या साडेपंचवीस हजारांच्या आत-बाहेर होती, म्हणजे दोन टक्केही नाही. मतांच्या बाजारात एवढ्या आकड्याला फारसा भाव मिळत नाही, हे कटू असले तरी खरे आहे.

आणि देवस्थानांचा कारभार? तो अजूनही पोर्तुगीज राजवटीत, १९३३ साली झालेल्या माझानींच्या, म्हणजे देवस्थानांच्या महाजन मंडळांच्या, नियमावलीवर चालतो. मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक, आणि महाजनकी वंशपरंपरेने. लोकशाही राज्यातला सरकारी अधिकारी जन्मावर ठरलेल्या सभासदांची वही सांभाळतो, यातली विसंगती कुणालाच टोचू नये याचे आश्चर्य वाटते. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले. साखळीजवळच्या विठ्ठलापूरला तोच विठ्ठल उभा आहे आणि आपल्याकडच्या दिंड्याही दरवर्षी पंढरीला जातात. दर्शन खुले झाले, कारभार मात्र राहून गेला.

म्हणून दोन मागण्या. गावोगावच्या भजनी मंडळांनी येत्या श्रावणातल्या सप्ताहात रोहिदास आणि चोखोबा यांची पदे घ्यावीत, आणि ज्या वाड्याला आजवर भजनाची पाळी मिळाली नाही त्याला ती द्यावी. दुसरी मागणी सरकारकडे: १९३३ ची नियमावली फेरविचारासाठी विधानसभेपुढे आणा. पेडण्याच्या राखीव जागेवरून निवडून गेलेल्या आमदारांनीच हा विषय आधी मांडावा. त्यांचा तो हक्क आहे आणि कर्तव्यही.