भोपाळच्या भिंती आणि चित्रकाराचे नाव

आदिवासी चित्रकलेला राजधानीच्या इमारतींवर मानाचे स्थान देण्याचा प्रयोग भोपाळने इतर शहरांच्या कितीतरी आधी केला. १९८२ मध्ये भारत भवन उभे राहिले, त्या सुमारास चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्या पुढाकाराने पाटणगढचा परधान गोंड तरुण जनगढसिंह श्याम येथे आला. परधान हे गोंडांचे भाट. बाना हे तंतुवाद्य वाजवून ते यजमानांच्या कुळकथा व देवकथा गात. जनगढ यांनी त्या देवतांना रेषा आणि रंग दिले. चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या आणि १९९६ मध्ये पूर्ण झालेल्या विधान भवनातही त्यांची भित्तिचित्रे आहेत. २००१ मध्ये जपानमधील एका संग्रहालयात काम करीत असताना त्यांचा मृत्यू झाला. भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करणाऱ्या भिल्ल चित्रकार भुरीबाई यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

या भिंतींना चित्रकाराचे नाव आहे. पुढे सुशोभीकरणाच्या ओघात देशभरातील उड्डाणपुलांवर व संरक्षक भिंतींवर जी गोंड आणि वारली चित्रे उमटली, त्यांपैकी अनेकांना ते नाही. महाराष्ट्रातील वाचकांना हे नवे नाही. तारपानृत्याचे वर्तुळ शहरोशहरी दिसते. सवासिनींनी लग्नघरी रेखाटलेला पालघट देवीचा चौक मात्र तेथवर क्वचितच पोहोचतो. सोयीची आकृती उचलली जाते, तिच्यामागचा विधी वगळला जातो.

वारली चित्रकलेची २०१४ मध्ये आणि मध्य प्रदेशातील गोंड चित्रकलेची २०२३ मध्ये भौगोलिक निर्देशक म्हणून नोंदणी झाली. त्यामुळे व्यापारातील नावाला संरक्षण मिळते; भिंत रंगविणारा कोण, याची विचारणा त्यात नाही. स्वामित्व हक्क कायद्याचे कलम ५७ कलावंताला कृतीवरील नावाचा हक्क देते. विज्ञान भवनातून काढलेल्या भित्तिशिल्पाबाबत अमरनाथ सहगल यांना दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याच कलमाखाली न्याय दिला. पण तो दावा १९९२ चा होता. रोजंदारीवर भिंत रंगविणाऱ्याने तेरा वर्षे न्यायालयात कशी काढावीत?

म्हणून हा प्रश्न निविदेच्या टप्प्यावरच सुटावयास हवा. काम त्या त्या समाजातील चित्रकारांनाच द्यावे आणि भिंतीवर चित्रकाराचे नाव, गाव व चित्राची कथा नोंदवावी, अशी अट घालण्यास नवा कायदा लागत नाही; महापालिकेचा ठराव पुरेसा आहे.