फौजदार मतांनीं निवडावा काय?

‘नगरपाल’ हें पद मुंबईकरांस अपरिचित नाहीं. इंग्रजींत ज्यास ‘शेरीफ’ म्हणतात तेंच हें. एखाद्या नामांकित गृहस्थास अथवा विदुषीस एका वर्षापुरता हा मान द्यावयाचा, त्यांनीं पाहुण्यांचें स्वागत करावयाचें, प्रसंगीं नागरिकांची शोकसभा बोलवावयाची, असा मुंबईंतील प्रघात. या पदाबरोबर ना हातांत काठी येत असे, ना कमरेस किल्ल्यांचा जुडगा. त्यामुळें अमेरिकेंत हाच शेरीफ कमरेस पिस्तूल लावून हिंडतो, तुरुंग चालवितो, आणि विशेष म्हणजे लोकांकडे मतें मागावयास जातो, हें ऐकून आमच्या कित्येक वाचकांस नवल वाटतें. या नवलाचा थोडा विचार या महिन्यांत करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

शेरीफ हा मूळचा इंग्लंडचा. ‘शायर’ म्हणजे परगणा व ‘रीव्ह’ म्हणजे कारभारी. या दोन शब्दांच्या मिलाफांतून हें नांव झालें. राजाच्या वतीनें परगण्याचा वसूल व बंदोबस्त पाहणारा तो अधिकारी. इंग्लंडांत पुढें त्याचा अधिकार गळत जाऊन केवळ मान उरला. पण वसाहतवाल्यांनीं अटलांटिकपार नेलेलें तें रोपटें तेथें वेगळ्याच रीतीनें वाढलें. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत तीन हजारांहून अधिक परगणे असून त्यांस ‘काउंटी’ म्हणतात. अलास्का, कनेक्टिकट यांसारखीं थोडीं संस्थानें सोडलीं, तर बहुतेक ठिकाणीं काउंटीचा शेरीफ लोकच निवडतात, आणि त्याची मुदत बहुधा चार वर्षांची असते. काउंटीचा तुरुंग त्याच्या ताब्यांत, न्यायालयाचीं समन्सें व जप्तीचे हुकूम बजावणें त्याच्याकडे, कोर्टाच्या आवारांतील बंदोबस्त त्याचा, आणि शहराच्या हद्दीबाहेरील वाड्यावस्त्यांचें रक्षणहि त्याचेंच. म्हणजे आमच्याकडील फौजदार, तुरुंगाधिकारी आणि बेलिफ या तिघांचीं कामें एकवटलेला हा गृहस्थ होय. शहरांतील पोलीस निराळे. त्यांची नेमणूक नगरपालिकेकडून होते.

लहानशा खेडवळ काउंटींत पोलिसांत केस पिकविलेला एखादा अधिकारी या पदासाठीं उभा राहतो, तेव्हां त्याचें म्हणणें बहुधा एकच असतें: “मीं इतकीं वर्षें हेंच काम केलें आहे, मला कायदा ठाऊक आहे, आणि तुम्हांस मी ठाऊक आहें.” वरवर पाहतां यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु आमच्या घराघरांतील वडील मंडळी लागलीच विचारतील कीं, जो मतें मागतो तो पुढें मतदाराच्या पोरास कसा पकडणार? आणि ज्यांनीं मत दिलें नाहीं, त्यांच्या दारांत चोरी झाली तर तो धांवून जाईल काय? शंका रास्त आहे. तिचें उत्तर तर्कानें देण्यापेक्षां एका घडलेल्या हकीकतीनें द्यावें, हें बरें.

अलाबामा संस्थानांत डॅलस नांवाची काउंटी आहे. तेथें पूर्वीं कापसाचीं मोठीं शेतें होतीं. सेल्मा हें तिचें मुख्य ठाणें. १९५५ सालीं त्या संस्थानच्या गव्हर्नरांनीं जिम क्लार्क नामक एका पशुपालकास तेथील शेरीफ नेमलें. १९५८ सालीं निवडणूक आली, तेव्हां सेल्माच्या पोलीस खात्यांत मुरलेले विल्सन बेकर हे क्लार्कच्या विरुद्ध उभे राहिले आणि पडले. पुढें ते अलाबामा विद्यापीठांत पोलिसी विद्या शिकवावयास गेले. १९६४ सालीं जोसेफ स्मिदरमन हे सेल्माचे नवे महापौर झाले व त्यांनीं बेकर यांस परत बोलावून शहराच्या सुरक्षिततेचे मुख्य अधिकारी केलें. एकाच गांवांत असे दोन अधिकारी झाले. रस्ते बेकर यांचे, आणि कोर्टाची पायरी क्लार्कची.

ही पायरी साधी नव्हती. मतदार म्हणून नांव नोंदवावयाचें तर तीच चढून जावें लागे. डॅलस काउंटींत मत देण्याच्या वयाचे कृष्णवर्णीय सुमारे पंधरा हजार होते. त्यांपैकीं १९६१ सालीं यादींत नांवें होतीं अवघीं १५६. मध्यवर्ती सरकारनें चार वर्षें खटले चालविले, तेव्हां कोठें हा आंकडा ३८३ वर गेला. नोंदणीची कचेरी महिन्यांतून अगदीं थोडे दिवस उघडावयाची, अवघड प्रश्न विचारावयाचे, आणि तरीहि कोणी रांगेंत उभा राहिलाच तर शेरीफनें त्यास हुसकवावयाचें, अशी ती व्यवस्था. क्लार्कच्या कोटावर ‘कदापि नाहीं’ या अर्थाचा बिल्ला असे. त्यानें भरती केलेली स्वयंसेवकांची टोळी सोटे आणि गुरें हांकण्याच्या विजेच्या काठ्या घेऊन हिंडत असे. जानेवारी १९६५ मध्यें अमेलिया बॉइंटन या वयस्क बाईंची मानगूट धरून त्यानें त्यांस रस्त्यानें ढकलीत नेलें. तें छायाचित्र देशभर छापून आलें.

बेकर यांची रीत निराळी होती. ते समतेचे पुरस्कर्ते होते असें मात्र कोणीं समजूं नये. वर्णभेदाची जुनी घडी मोडावी असें त्यांस वाटत नव्हतें, आणि १ फेब्रुवारी १९६५ रोजीं डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांस बिनपरवाना मिरवणुकीबद्दल त्यांनींच अटक केली. परंतु पोलिसानें डोकें शांत ठेवावें, अटक करावयाची ती कायद्याचें कलम दाखवून करावी, आणि पकडलेल्या माणसास मारूं नये, हा त्यांचा नेम होता. मारहाणीनें चळवळ दबत नाहीं, उलट तिचा डंका सर्वत्र वाजतो, असा त्यांत व्यवहारी हिशेबहि होता. हेतु कांहींहि असो. ज्यास रस्त्यावर उभें राहावयाचें आहे त्यास बेकरच्या हद्दींतील अटक आणि क्लार्कच्या हद्दींतील सोटा यांतील अंतर पुरेपूर कळत होतें.

७ मार्च १९६५ हा रविवार. सुमारें सहाशें लोक माँटगोमरीकडे पायीं जाण्यास निघून एडमंड पेटस पूल ओलांडूं लागले. पुलापलीकडे संस्थानचे पोलीस व क्लार्कचे घोडेस्वार वाट पाहत होते. अश्रुधूर सोडण्यांत आला, सोटे चालले, स्त्रिया व मुलेंहि तुडविलीं गेलीं. शहरच्या पोलिसांनीं या मारहाणींत भाग घेतला नाहीं. लोक रक्तबंबाळ होऊन आपल्या चर्चकडे परतले, आणि त्यांच्या पाठोपाठ क्लार्कची टोळी वस्तींत शिरली, तेव्हां बेकर यांनींच आडवें येऊन तिला आवरण्याची खटपट केली. त्या रात्रीं हीं दृश्यें अमेरिकेंतील घराघरांत दूरचित्रवाणीवर दिसलीं. ६ ऑगस्ट रोजीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं मताधिकाराच्या कायद्यावर सही केली, आणि थोड्याच दिवसांत मध्यवर्ती सरकारचे अधिकारी सेल्मास येऊन नांवें नोंदवूं लागले. जी यादी चार वर्षांत शेंदोनशेंनीं वाढली होती, ती कांहीं महिन्यांत हजारोंनीं वाढली.

पुढील वर्षीं, म्हणजे १९६६ सालीं, बेकर पुन्हां शेरीफपदास उभे राहिले. समोर तोच क्लार्क. आठ वर्षांपूर्वीं ज्यांच्या मतांचा हिशेब कोणीं धरलाच नव्हता, तेच आतां निकाल लावणार होते. कृष्णवर्णीयांमध्येंहि या प्रश्नावर एकमत नव्हतें. कालपर्यंत आम्हांस अटक करणाऱ्या माणसास मत कां द्यावें, आपलाच उमेदवार कां नसावा, असें म्हणणारे तरुण होते, आणि त्यांचें म्हणणें तुच्छतेनें बाजूस सारण्यासारखें नव्हतें. तथापि बहुसंख्यांनीं उद्यां सकाळचा विचार केला. क्लार्क जावा हें त्यांस प्रथम हवें होतें.

त्या काळीं अलाबामांत डेमोक्रॅटिक पक्षाची अंतर्गत निवडणूक जिंकली कीं बहुधा पद मिळालेंच. ३ मे रोजीं मतदान झालें. पहिल्याच फेरींत जिंकावयास निम्म्याहून अधिक मतें हवीं होतीं, आणि बेकर यांस तीं मिळत होतीं. पण पक्षाच्या काउंटी समितीनें, जेथें मुख्यतः कृष्णवर्णीयांनीं मतें दिलीं होतीं अशा सहा पेट्या अनियमितपणाचें कारण दाखवून मोजणींतून वगळल्या. त्या पेट्या गेल्या म्हणजे बेकर यांचें बहुमतहि गेलें! मध्यवर्ती सरकारनें नव्या कायद्याखालीं दावा लावला. न्यायमूर्ति डॅनियल थॉमस यांची अशा खटल्यांतील मंदगति पूर्वीं टीकेचा विषय झाली होती. परंतु या वेळीं त्यांनींच हुकूम केला कीं सहाहि पेट्या मोजल्याच पाहिजेत. त्या मोजल्या गेल्या आणि बेकर विजयी झाले. क्लार्कनें नोव्हेंबरांत मतपत्रिकेवर आपलें नांव हातानें लिहवून घेऊन पुन्हां एकदां लढत दिली व तो पुन्हां हरला. १९६७ च्या जानेवारींत बेकर शेरीफ झाले आणि १९७५ सालीं मृत्यु येईपर्यंत त्या पदावर राहिले. क्लार्क यांस पुढें १९७८ सालीं गांजा देशांत आणण्याच्या कटाबद्दल शिक्षा झाली. २००७ सालीं ते वारले.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. फौजदार मतांनीं निवडावा काय? या हकीकतीवरून ‘होय’ असेंहि म्हणतां येत नाहीं व ‘नाहीं’ असेंहि म्हणतां येत नाहीं. क्लार्क पहिल्यानें नेमणुकीनें आला होता. म्हणजे वरून नेमलेला माणूस निःपक्षपाती असतोच असें नाहीं. पुढें तोच मतांनीं निवडून येत गेला. म्हणजे मतांनीं आलेला माणूस सर्वांचा असतो, हेंहि खरें नाहीं. १९५८ सालीं मतदान झालें तें ज्या यादीवर, त्या यादींतच निम्मी काउंटी नव्हती. जे यादींत नाहींत त्यांच्या पाठीवर सोटा मारून जे यादींत आहेत त्यांस खूष ठेवतां येतें, तेथें निवडणूक हा अन्यायावरचा उपाय न राहतां अन्यायाचें साधन होते. यादी पुरी झाली आणि पेट्या मोजल्या गेल्या, तेव्हां तीच निवडणूक उपयोगी पडली.

याच सुमारास शेजारपाजारीं काय घडलें तेंहि पाहण्यासारखें आहे. मेकन काउंटींत कृष्णवर्णीयांची वस्ती मोठी; तेथें १९६६ सालीं ल्यूशस अॅमर्सन हे निवडून आले आणि दक्षिणेकडील या पिढ्यांतील पहिले कृष्णवर्णीय शेरीफ ठरले. लाउन्डस काउंटींत त्या वर्षीं तसा प्रयत्न फसला. पण १९७० सालीं तेथील चळवळीचे पुढारी जॉन ह्यूलेट हेच शेरीफ झाले. ज्या कोर्टाच्या पायरीवरून बापांस हुसकून दिलें, त्या पायरीचा राखणदार निवडण्याचा हक्क लेकांस मिळाला, हा बदल लहान नव्हे.

आमच्याकडे फौजदार निवडला जात नाहीं, तो नेमला जातो, आणि ही पद्धति बदलावी असें आम्ही सुचवीत नाहीं. परंतु त्याची नेमणूक व बदली ज्यांच्या हातीं असते त्यांस आम्हीच निवडून देतों. शिवाय सेवानिवृत्त पोलीस अधिकारी आमच्याहि दारीं मतें मागावयास येतात, आणि ओटीवर त्यांच्याविषयीं चर्चा होते. ती चर्चा बहुधा एवढ्यावर थांबते कीं माणूस कडक आहे किंवा माणूस आपल्या ओळखीचा आहे. आमच्या मतें ह्या दोन्ही कसोट्या अपुऱ्या आहेत. कडक तर क्लार्कहि होता. आणि ओळखीचाहि तो पुष्कळांच्या होता.

विचारावयाचें तें असें: हातांत अधिकार होता त्या काळीं, ज्यांच्याकडून कांहींहि मिळण्यासारखें नव्हतें अशा माणसांशीं हा कसा वागला? रात्रीं ठाण्यावर आणलेला हमाल, तक्रार घेऊन आलेली मोलकरीण, परगांवचा बेवारशी पोर, यांच्याशीं याची वाणी कशी होती? बेकर यांच्या मनांतील पूर्वग्रह आम्ही नाकारीत नाहीं. परंतु १९६५ सालीं, ज्यांचीं मतें अद्याप यादींतहि नव्हतीं त्यांच्यावर त्यांनीं आपल्या माणसांकडून सोटे चालविले नाहींत, आणि १९६६ सालीं त्या लोकांनीं नेमकें हेंच लक्षांत ठेविलें.

आमच्या घरांतून आतां पांचसहा मतें निघतात. सासूबाईंचें एक, सुनेचें एक, नुकत्याच अठरा वर्षांच्या झालेल्या नातवाचेंहि एक. वडिलांनीं नांव सांगावें व सर्वांनीं तेथें खूण करावी, ही रीत कित्येक घरांत अजून चालते. त्याऐवजीं हा प्रश्न जेवणें झाल्यावर सर्वांसमोर मांडावा, आणि मोलकरणीस काय वाटतें हेंहि विचारावें. पोलीस ठाण्याविषयीं तिला जें ठाऊक असतें तें आम्हां पांढरपेशांस पुष्कळदां ठाऊक नसतें. आणि मतदारयादी येईल तेव्हां आपल्याबरोबर तिचें नांवहि तींत आहे कीं नाहीं, एवढें मात्र अवश्य पाहावें.