केस गळतात, रक्त तपासा

सभासद बंधूंनो, जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील गावांत बायामाणसांचे केस भराभर गळाले, तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक धावून आले. आपल्या घरात बाळंतपणानंतर वा टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी फणीत पुंजके येतात, त्याची दखल कोण घेतो? ते केस बहुधा परत येतात. पण रक्तच कमी असेल तर महागडे तेल काय करणार? २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत राज्यातील निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला. उसावर केवडा दिसला की आपण लगेच हिराकस फवारतो. घरधनीण पिवळी पडली तर म्हणतो, 'बायकांचं चालायचंच!' आम्हाला हे पटत नाही. थायरॉईडही तपासावे. घाटीत त्वचारोग विभाग आहे. बिलाची वाट न बघता तिला घेऊन जा.