विष ओळखणारे ताट

हिवाळ्यात शाळेची सहल मुंबईला नेली होती. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चिनी भांडी पाहताना सातवीच्या मुली एका जुन्या फुलदाणीपाशी थबकल्या. रंग धड हिरवा नाही, धड निळाही नाही. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ही तर हुरड्यात आलेल्या कणसासारखी आहे!" आम्ही कर्जतची माणसं, ज्वारीच्या मुलखातली. मला याहून नेमकं सांगता आलं नसतं.

या संग्रहालयातल्या चिनी वस्तूंचा मोठा ठेवा सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या भावांच्या संग्रहातून आला आहे. असा हिरवा रंग भांड्यावर कुंचल्याने देत नाहीत. चीनच्या झेजियांग प्रांतात लाँगच्वान येथे कुंभार भांड्याला काचेसारखा वितळणारा लेप देत. त्यात किंचित लोह असे. भट्टी १२०० अंशांच्या वर तापवत आणि तापताना हवा कोंडत. हवा कमी पडली तर लोह हिरवी छटा देतं. जास्त मिळाली तर लेप पिवळसर, तपकिरी होतो. मनासारखा रंग साधणं सोपं नव्हतं.

ही भांडी जहाजांतून हिंदुस्थानात आली. मोगलांच्या काळात त्यांना 'गोरी' म्हणत. समजूत अशी, की विषारी अन्न वाढलं तर ताट तडकतं किंवा रंग बदलतं. आग्र्याला ताजमहालाच्या आवारातल्या संग्रहालयात अशी ताटं ठेवली आहेत.

मुलींना मी सांगितलं, "लेप म्हणजे काचच. एकदम गरम किंवा थंड झाली तर ती तडकेल. विष तिला कळत नाही."

"मग बादशहांनी विश्वास का ठेवला?"

"ज्याला आपल्याच स्वयंपाक्याची भीती वाटते, त्याला ताटाचा आधार लागतो."

आमच्या घरात दादीचा लोणच्याचा मर्तबान आहे. साधाच, चिनी मातीचा. मर्तबान हे मुळात ब्रह्मदेशातल्या एका बंदराचं नाव. तिथून मोठमोठ्या बरण्या जहाजांवर चढत, म्हणून बरणीलाच ते नाव पडलं. शेजारच्या काकू मात्र बरणीच म्हणतात. दर उन्हाळ्यात आमच्या मर्तबानातलं कैरीचं लोणचं त्यांच्या बरणीत जातं आणि त्यांच्या कुरडया आमच्या डब्यात येतात.

यंदा लोणचं काढताना मुलगा म्हणाला, "अम्मी, त्यांच्याकडे द्यायचं का? हल्ली कोण कुणाकडचं खातं?"

माझा हात क्षणभर थांबला. हा प्रश्न दादीला कधी कुणी विचारला नव्हता. मी वाटी भरली आणि त्यालाच सोबत घेऊन गेले.

काकूंनी दारातच झाकण काढलं, एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "यंदा मीठ जरा कमी पडलंय गं."