बोटांचे ठसे आणि स्त्रीपुरुषभेद

ठशावरून मनुष्य ओळखण्याची विद्या आपल्या देशास नवी नाहीं. १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. अजीजुल हक व हेमचंद्र बोस यांनीं खपून वर्गीकरणाची पद्धति बसविली. ती मात्र त्यांचे पोलिसप्रमुख हेन्रीसाहेब यांच्या नांवानें जगभर गेली! आज या नागपुरांतहि शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेंत हें शास्त्र शिकवितात.

आतां ठसा स्त्रीचा कीं पुरुषाचा हेंहि रेषा मोजून सांगूं लागले आहेत. शंख, चक्र, कमान हे प्रकार दोघांच्याहि बोटांवर असतात. परंतु स्त्रियांच्या रेषा सामान्यतः बारीक असल्यामुळें २५ चौरस मिलिमीटर जागेंत त्या अधिक मावतात. सरासरी फरक मात्र अवघा दोनएक रेषांचा! आणि पुष्कळांचे आंकडे एकमेकांत मिसळतात. शिवाय लहान वयांत रेषा बारीकच असतात. तेव्हां एखाद्या शाळकरी मुलाचा ठसा या हिशेबानें स्त्रीचा ठरावयाचा.

तपासास दिशा मिळावी म्हणून ही मोजणी अवश्य करावी. परंतु प्रत्यक्ष ठसा जुळवून पाहण्यापूर्वींच तेवढ्यावरून कोणा बाईवर आळ घ्यावा, किंवा गांवांतील सर्व पुरुषांस संशयांतून मोकळें करावें, हें आम्हांस मुळींच मान्य नाहीं.