पाळी चुकली, तारीख चुकू नये

ऑक्टोबर छाटणीपासून काढणी संपेपर्यंत पिंपळगाव बसवंतच्या आसपासच्या द्राक्षबागांत पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या मुक्कामाला असतात. त्यांत बायका बऱ्याच. कामे एकामागून एक लागतात आणि खाडा म्हणजे मजुरी बुडाली. अशात पाळी आठ-दहा दिवस लांबली, तर ते दगदगीवर ढकलून मोकळे होणे सोपे असते.

पण गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पाळी चुकल्याचे कळते तेव्हाच साधारण चार आठवडे झालेले असतात. आणखी पाच आठवडे ‘बघू’ म्हणण्यात गेले, की गोळ्यांनी गर्भपात करण्याची ९ आठवड्यांची मुदत संपते. कायद्याने २० आठवड्यांपर्यंत, आणि २०२१च्या दुरुस्तीनंतर काही स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. मात्र उशिरासोबत खर्च आणि जोखीम वाढत जाते. मूल हवे असेल तरी लवकर कळलेले बरे. फॉलिक ॲसिड वेळेवर सुरू होते, मिसरी सोडता येते, फवारणीच्या दिवशी बागेपासून लांब राहता येते.

हा प्रश्न लहान नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील अभ्यासानुसार २०१५ साली भारतात ४ कोटी ८१ लाख गर्भधारणा झाल्या, त्यांतल्या जवळपास निम्म्या न ठरवता. गर्भपात १ कोटी ५६ लाख झाले आणि त्यांतले सुमारे ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. किती दिवस गेले आहेत हे नीट न मोजता गोळी घेणे, हा त्यातला खरा धोका.

घरच्या घरी तपासणीचे ‘निश्चय’ किट सरकारच देते, आशाताईंमार्फत. अडचण आहे ती नोंदवहीची. तीत गावातली लग्न झालेली जोडपी असतात. हंगामापुरती आलेली मजूर बाई या गावच्या वहीत नसते आणि स्वतःच्या गावात ती त्या वेळी नसते. अविवाहित मुलीचे तर नावच निघत नाही. औषध दुकानात किट पन्नास-साठ रुपयांत मिळते, पण काउंटरवर ओळखीचा माणूस बसलेला असतो. वहीत नाव असो-नसो, मागेल तिला किट द्यावे आणि हंगामात आशाताईंनी टोळीच्या मुक्कामावर एक फेरी मारावी. यासाठी नव्या योजनेची गरज नाही, उपकेंद्राच्या पातळीवरचा निर्णय पुरेसा आहे.

या तपासणीचा गर्भलिंगनिदान कायद्याशी काही संबंध नाही. किट विकत घेणे वा घरी ठेवणे हा गुन्हा नव्हे. गर्भपातासाठीही सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही.

तपासणी सकाळच्या पहिल्या लघवीवर करावी आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच रेघा पाहाव्यात. दुसरी रेघ फिकट असली तरी ती ‘आहे’च समजावी. एकच रेघ आली आणि पाळी तरीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासावे. रेघा काहीही सांगोत, पोटात एका बाजूला जोराची कळ, रक्तस्राव किंवा चक्कर असेल तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. तेव्हा टोळीचे काम टाकून त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठावे.